दुसऱ्या प्रश्नाची तयारी : वृत्तवाहिनीतील राजकीय पत्रकारितेविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात वृत्तवाहिन्यांसाठी राजकारण आणि सार्वजनिक प्रश्नांचे वार्तांकन करणाऱ्या पत्रकाराच्या कारकिर्दीविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. काही पत्रे खासगी स्वरूपाची असल्याने सर्वच पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी परभणी येथे राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात शिकते. मला वृत्तवाहिनीची राजकीय वार्ताहर व्हायचे आहे. माझ्या बोलण्यात मराठवाडी हेल असल्याने मला कॅमेऱ्यासमोर संधी मिळणार नाही, असे मैत्रिणी म्हणतात. मी पत्रकारितेची पदविका घ्यावी की थेट नोकरी शोधावी? तयारी नेमकी कशाची करावी?

उत्तर : हेलाची चिंता आधी सोडून द्या. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हापासून पुढे बरीच वर्षे स्मिता पाटील, प्रदीप भिडे अशा निवेदकांच्या आवाजातली घडवलेली, प्रमाण भाषा प्रेक्षकांच्या कानात बसलेली होती, आणि निवेदकासमोर लिहून आलेला मजकूर असे. २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’, म्हणजे आजची ‘एबीपी माझा’, या चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या आणि वार्ताहराला घटनास्थळावरून, हातात कागद नसताना, सलग बोलणे भाग पडले. अशा बोलण्यात हेल आड येत नाही. आड येते ते अर्ध्यावर सुटलेले वाक्य, चुकलेले आडनाव, गिळलेला आकडा. विधानसभेला अध्यक्ष असतात आणि विधान परिषदेला सभापती असतात, हा साधा फरक जो वार्ताहर थेट प्रक्षेपणात चुकवतो, त्याचा उच्चार कितीही शुद्ध असला तरी विधानभवनात त्याला कोणी गांभीर्याने घेत नाही.

पदविका घ्यावी, कारण तेथे कॅमेरा, संकलन आणि बातमी लिहिण्याची शिस्त एका वर्षात हाताखालून जाते आणि पहिल्या नोकरीसाठी ओळखी होतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट या नावाने ओळखला जाणारा विद्यापीठाचा विभाग आहे. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे. घरची परिस्थिती अनुकूल असेल तर यांपैकी एकीकडे अर्ज करा. पदविकेने नोकरीचे दार उघडेल, पण राजकीय बीटवर, म्हणजे वार्ताहराला नेमून दिलेल्या वार्तांकनाच्या क्षेत्रात, उभे राहण्यासाठी लागणारी माहिती तेथे पुरेशी मिळत नाही. ती आपली आपणच मिळवावी लागते, आणि तुम्ही राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनी असल्याने तुमचा अर्धा रस्ता आधीच चालून झाला आहे.

ही माहिती कशासाठी, हे समजण्यासाठी २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आठवा. राज्यात १२ नोव्हेंबरपासून राष्ट्रपती राजवट होती. आदल्या संध्याकाळी उद्धव ठाकरे यांच्या नावावर तीन पक्षांत सहमती झाल्याचे शरद पवार यांनी सांगितले होते आणि सगळ्या वाहिन्यांवर तीच बातमी होती. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना निघाली आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची व अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. झोपेतून उठून धावत आलेल्या वार्ताहराच्या कानातल्या इअरपीसमध्ये अशा वेळी निवेदकाचा पहिला प्रश्न येतो : ‘केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झालेली नाही, मग रातोरात राजवट उठली कशी?’ भारत सरकारच्या १९६१ च्या कामकाज नियमांमधील नियम १२ ज्याने कधीतरी वाचलेला असतो, तो सांगू शकतो की तातडीच्या प्रसंगी पंतप्रधान आपल्या अधिकारात निर्णय घेऊ शकतात आणि मंत्रिमंडळाची मान्यता नंतर घेतली जाते. ज्याने वाचलेला नसतो, तो ‘राजकीय भूकंप’ हे दोन शब्द उलटसुलट करून वेळ भरत राहतो. तीन दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी हंगामी अध्यक्षांच्या देखरेखीखाली, खुल्या मतदानाने आणि थेट प्रक्षेपणासह बहुमत चाचणी घेण्याचा आदेश दिला. तेव्हाही ज्याला १९९४ चा बोम्मई खटला माहीत होता, त्याला ‘बहुमत सभागृहातच सिद्ध व्हावे’ या तत्त्वाचे मूळ प्रेक्षकांना दोन वाक्यांत सांगता आले. चाचणीआधीच फडणवीस यांनी राजीनामा दिला. हे सगळे घडत असताना पुस्तक उघडायला कोणालाही सवड नव्हती.

म्हणून एक अभ्यास सुचवते. राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीची तरतूद, मूळातून वाचा. ती १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने आली आणि एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला दिलेली मोकळीक २००३ मध्ये ९१ व्या दुरुस्तीने काढून टाकली गेली. त्यानंतर शिवसेनेच्या फुटीतून निर्माण झालेली तीन कागदपत्रे क्रमाने वाचा : निवडणूक आयोगाचा १७ फेब्रुवारी २०२३ चा आदेश, सर्वोच्च न्यायालयाचा ११ मे २०२३ चा निकाल आणि विधानसभा अध्यक्षांचा १० जानेवारी २०२४ चा निर्णय. प्रतोद, म्हणजे सभागृहात पक्षाचा आदेश बजावणारा सदस्य, कोण नेमतो, विधिमंडळ पक्ष की राजकीय पक्ष, या एका मुद्द्यावर प्रत्येक ठिकाणी काय म्हटले आहे, ते पाच-पाच सोप्या मराठी वाक्यांत लिहा. मग ती वाक्ये कागद न बघता आरशासमोर नव्हे, तर राज्यशास्त्र न शिकलेल्या एखाद्या नातलगासमोर बोलून दाखवा. त्यांना समजले, तर तुमची तयारी योग्य दिशेने चालली आहे. याच्या जोडीने परभणी जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा, जिल्हा नियोजन समितीचा आराखडा आणि पीकविम्याच्या तक्रारी यांवर लक्ष ठेवा. मुलाखतीला जाल तेव्हा तुमच्या जिल्ह्याविषयी तुम्हाला इतरांपेक्षा अधिक माहिती असणे, हीच तुमची खरी जमेची बाजू असेल.

प्रश्न : मी रत्नागिरीचा निवृत्त शिक्षक आहे. संध्याकाळी कोणतीही वाहिनी लावली की चार माणसे एकमेकांवर ओरडत असतात आणि बाहेरचे वार्ताहर मंत्र्यांच्या तोंडासमोर माईक धरून ‘काय सांगाल?’ एवढेच विचारतात. गंभीर पत्रकाराला या क्षेत्रात जागा उरली आहे का? माझ्या नातवाला या क्षेत्रात जायचे आहे, म्हणून विचारतो.

उत्तर : सर, आपली तक्रार रास्त आहे आणि तिच्यामागचे कारण बरेचसे पैशाचे आहे. एक निवेदक, चार पाहुणे आणि एक स्टुडिओ एवढ्या भांडवलावर तासाभराचा कार्यक्रम उभा राहतो. गडचिरोलीला कॅमेरा पथक पाठवायचे म्हटले की गाडी, मुक्काम आणि दोन-तीन दिवस खर्ची पडतात आणि हाती येते ते पाच मिनिटांचे वृत्त. प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला येतात आणि त्यांवर जाहिरातींचा दर ठरतो, त्यामुळे संपादकाला चांगले काम करायचे असले तरी त्याला हा हिशेब डोक्यावर घेऊनच काम करावे लागते. या दबावाने वाहिन्यांचे किती नुकसान केले, हे २०२२ च्या जूनमध्ये उघड दिसले. शिवसेनेचे बंडखोर आमदार गुवाहाटीच्या ज्या हॉटेलात उतरले होते, त्याच्या फाटकाबाहेर देशभरातील वाहिन्यांचे कॅमेरे दिवसरात्र उभे होते. त्याच दिवसांत आसाममधील सिलचर शहर पुराच्या पाण्याखाली होते. बंडाची बातमी मोठी होती, यात शंका नाही. पण हॉटेलच्या बंद फाटकाची दृश्ये तासनतास दाखवताना त्यांतला एखादा कॅमेरा पुराकडे वळवणे अशक्य नव्हते, असे मला आजही वाटते.

‘काय सांगाल?’ या प्रश्नाविषयी मात्र जरा खोलात जायला हवे. विधानभवनाच्या आवारात मंत्री येतात तेव्हा दहा-बारा बूम, म्हणजे वाहिन्यांचे माईक, एकदम पुढे होतात आणि हाती मिळतो जेमतेम अर्धा मिनिट. पहिला प्रश्न कोणीही विचारला तरी मंत्र्यांचे उत्तर तयारच असते. पत्रकाराचे कौशल्य दिसते ते दुसऱ्या प्रश्नात, आणि दुसरा प्रश्न मंत्र्यांच्या उत्तरातूनच काढावा लागत असल्याने तो आधी पाठ करून येता येत नाही. समजा, मंत्री म्हणाले, ‘अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांना भरीव मदत दिली जाईल.’ त्यावर ‘ही मदत पुरेशी आहे का?’ असे विचारले, तर उत्तर ‘आमचे सरकार शेतकऱ्यांच्या पाठीशी आहे’ असेच येणार. त्याऐवजी ‘शासन निर्णय निघाला आहे का, आणि त्यात मदतीची मर्यादा दोन हेक्टरची आहे की तीन हेक्टरची?’ असे विचारले, तर मंत्र्यांना काहीतरी ठोस सांगावे लागते किंवा सांगता येत नसल्याचे सर्वांना दिसते. २०२२ मध्ये राज्याने ही मर्यादा दोनवरून तीन हेक्टरवर नेली होती, हे ज्या वार्ताहराला ठाऊक आहे त्यालाच हा प्रश्न सुचतो.

असे विषय मिळण्याची जागाही ठरलेली आहे, पण तेथे गर्दी नसते. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी विरोधी आमदार पायऱ्यांवर फलक घेऊन बसतात आणि सगळे कॅमेरे तिकडे असतात. आत त्याच दिवशी सहसा हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, सभागृहासमोर ठेवल्या जातात. महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल बहुधा अखेरच्या दिवशी येतो आणि नागपूर अधिवेशनात तोवर निम्म्या पत्रकारांच्या बॅगा भरून झालेल्या असतात. आपल्या नातवाला सांगा की पायऱ्यांवरचे दृश्य त्याचा कॅमेरामन टिपेलच, पण त्याने स्वतः पुरवणी मागण्यांचे पुस्तक घेऊन पत्रकार कक्षात तासभर बसावे. गंभीर पत्रकाराला जागा आहे. ती त्याला कोणी काढून देत नाही, आणि पहिली काही वर्षे त्याचे हे काम पडद्यावर फारसे दिसतही नाही, याची मानसिक तयारी त्याने ठेवावी.

प्रश्न : निकालाच्या दिवशी प्रत्येक वाहिनीचे आकडे वेगळे का असतात? (ठाणे)

उत्तर : वाहिन्यांचे प्रतिनिधी मतमोजणी केंद्रातून फेरीनिहाय कल कळवतात आणि अधिकृत आकडा त्यानंतर येतो. प्रत्येक वाहिनी आपल्या घाईप्रमाणे या दोहोंतील अंतर भरते. कल आणि निकाल यांची गल्लत किती महागात पडू शकते, याचे उदाहरण ४ जून २०२४ चे आहे. मुंबई वायव्य मतदारसंघात मतदान यंत्रांतील मतांमध्ये अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. निवडणूक निर्णय अधिकारी घोषणा करेपर्यंत ‘विजयी’ हा शब्द उच्चारू नये, एवढा एक नियम पाळला तरी अशा दिवशी वार्ताहराची अब्रू राहते.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्यातून एका वाहिनीसाठी स्ट्रिंगर म्हणून काम करतो. मानधन बातमीमागे मिळते आणि तेही कित्येक महिने थकलेले आहे. नियुक्तिपत्र नाही. वाळूउपशाची बातमी दिल्यावर स्थानिक पुढाऱ्याच्या माणसांनी धमकावले. मुंबईत जाऊन राजकीय बीट मिळवावी का?

उत्तर : आधी धमकीविषयी. पत्रकारांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा कायदा राज्याच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये संमत केला आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर २०१९ मध्ये तो अस्तित्वात आला. त्याखालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. कंत्राटी पत्रकारही त्याच्या कक्षेत येतात, पण पोलीस ठाण्यात पहिली अडचण उभी राहते ती ‘तुम्ही पत्रकार आहात, याचा पुरावा काय?’ या प्रश्नाची. म्हणून नियुक्तिपत्र मिळत नसेल, तरी वाहिनीच्या असाइनमेंट डेस्ककडून, म्हणजे वार्ताहरांना कामे नेमून देणाऱ्या विभागाकडून, कामाची सूचना ईमेलवर मागवण्याचा आग्रह धरा. बातमी पाठवल्याची तारीख व वेळ, ती प्रसारित झाल्याची चित्रफीत आणि मिळालेल्या मानधनाची बँकेतील नोंद एकत्र जपून ठेवा. थकलेल्या पैशांसाठीही हीच कागदपत्रे उपयोगी पडतील. धमकीची तक्रार तोंडी करू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांना व जिल्हा पत्रकार संघाला पाठवा. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळणाऱ्या अधिस्वीकृती पत्रिकेचे, म्हणजे पत्रकाराच्या शासनमान्य ओळखपत्राचे, निकष एकदा जिल्हा माहिती कार्यालयात जाऊन समजून घ्या.

चोवीस तासांच्या वाहिन्यांचा सगळा डोलारा तुमच्यासारख्या तालुक्यातल्या माणसांवर उभा आहे आणि त्यांनाच सर्वांत शेवटी पैसे मिळतात, ही या व्यवसायाची मोठी लाज आहे. तरीही मुंबईला जाण्याची घाई करू नका, असे मी म्हणेन. २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पुढे त्यावर राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. ती बातमी मंत्रालयात बसून कळणारी नव्हती, ती यवतमाळच्या शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डात होती. राजकीय बातमी म्हणजे फक्त नेत्यांच्या भेटीगाठी, ही समजूत मुंबईतल्या बीटने पसरवलेली आहे. धोरणाचा परिणाम जेथे माणसांवर होतो तेथून पाठवलेली बातमीही तितकीच राजकीय असते. अशा चार-पाच बातम्यांचा पाठपुरावा करून त्यांचा संच तयार करा आणि आधी नागपूरच्या ब्युरोकडे अर्ज करा. हिवाळी अधिवेशनाच्या काळात तेथे माणसे कमी पडतात आणि विदर्भाचे प्रश्न जाणणारा हाताशी हवा असतो.

प्रश्न : माझी मुलगी मुंबईत एका वृत्तवाहिनीच्या आउटपुट विभागात आहे. रात्रपाळ्या असतात आणि ती पडद्यावर कधी दिसत नाही. हे काम पुढे नेणारे आहे का? (सांगली)

उत्तर : नक्की आहे. कोणती बातमी कितव्या क्रमांकावर जाईल, तिला किती सेकंद मिळतील आणि टिकरवर, म्हणजे पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीवर, कोणते शब्द जातील, हे आउटपुट विभाग ठरवतो, आणि पुढे संपादकपदाकडे जाण्याचा मार्ग अनेकदा याच विभागातून जातो. रवीश कुमार १९९६ मध्ये एनडीटीव्हीत आले, तेव्हा त्यांच्याकडे सुरुवातीला प्रेक्षकांची पत्रे निवडण्याचे काम होते. २०१९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चिंता करावी ती नोकरीच्या शर्तींची. श्रमिक पत्रकारांसाठीचा १९५५ चा कायदा केवळ वृत्तपत्रांपुरता होता. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या श्रमसंहितेत श्रमिक पत्रकाराची व्याख्या दृक्‌श्राव्य व डिजिटल माध्यमांपर्यंत वाढवली आहे. मुलीला तिचा करार, नोकरी सोडताना द्यायच्या पूर्वसूचनेची मुदत आणि रात्री घरी सोडण्याची व्यवस्था या गोष्टी लेखी आहेत का, हे जरूर विचारा.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून मंत्रालय बीटवर आहे. बातमी हवी तर नेत्यांशी जवळीक हवी, असे वरिष्ठ सांगतात. पण ही जवळीक कोठे थांबवावी, ते मला समजत नाही. (मुंबई)

उत्तर : तुमच्या मनात हा प्रश्न दुसऱ्याच वर्षी आला, हे मला फार बरे वाटले. ओळख हवीच. रात्री अकरा वाजता फोन उचलणारा माणूस असल्याशिवाय ही बीट करता येत नाही. मात्र प्रत्येक संभाषणाच्या आधी तीनपैकी काय ठरले आहे, हे स्पष्ट करून घ्या : नाव घेऊन सांगायचे आहे, नावाशिवाय सांगायचे आहे, की फक्त आपल्या माहितीसाठी आहे. बोलणे झाल्यावर ‘हे ऑफ द रेकॉर्ड होते’ असे सांगणाऱ्याला, पुढच्या वेळी आधी सांगावे लागेल, असे नम्रपणे सांगा. एकदा शब्द दिला की तो संपादकापुढेही पाळा.

मंत्रिमंडळ विस्ताराच्या काळात तुम्ही पाहिले असेल की संभाव्य मंत्र्यांच्या याद्या हातोहात फिरतात. त्यांतील बरीच नावे ज्याची त्यानेच पेरलेली असतात आणि काही नावे तर त्या माणसाचा पत्ता कापला जावा म्हणूनच पुढे केलेली असतात. राजकारणात अशा पुड्या सोडणे रोजचेच आहे. त्या वाहिनीच्या तोंडून सुटल्या, तर दोष वार्ताहराचा. माझा नेम असा राहिला आहे की एक माहिती दोन परस्परविरोधी गटांकडून आणि तिसऱ्या एखाद्या अशा ठिकाणाहून पडताळायची, जेथील माणसाचा त्यात काही लाभ नाही. शपथविधी होणार असेल तर राजशिष्टाचार विभागाला तयारी करावीच लागते. तेथे काहीच हालचाल नसेल, तर ‘उद्या विस्तार’ ही बातमी थांबवावी.

नेत्याच्या हेलिकॉप्टरमधून दौऱ्यावर जावे का, असे तुम्ही विचारले नाही, पण पुढच्या निवडणुकीत हा प्रश्न समोर येईलच. वाहिनीने खर्च द्यावा, आणि ते शक्य नसेल तर प्रेक्षकांना ‘हा प्रवास पक्षाच्या वाहनातून केला’ असे बातमीतच सांगावे. दिवाळीची भेट पहिल्याच वर्षी परत पाठवली की पुढे कोणी आणून देत नाही. आणि आपण कोणत्या नेत्याचे ‘खास’ आहोत, अशी चर्चा पत्रकार कक्षात सुरू झाली, तर ती कौतुक म्हणून घेऊ नका. बीट बदलून मागण्याची वेळ आलेली आहे, असे समजा.

प्रश्न : मी मडगावची आहे आणि मराठी व कोकणी दोन्ही भाषांत काम करू शकते. गोव्यासारख्या लहान राज्यात राहून राजकीय पत्रकार म्हणून मोठे होता येते का?

उत्तर : गोव्याची विधानसभा ४० जणांची आहे, आणि त्यामुळेच ती राजकीय वार्ताहरासाठी उत्तम शाळा आहे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपची वाट धरली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जणांनी तेच केले. दोन्ही वेळी दोन तृतीयांशांचा आकडा पुरा केलेला होता, कारण इतके आमदार एकत्र गेले तर अपात्रता टळते, या दहाव्या अनुसूचीतील विलीनीकरणाच्या कलमाचा आधार त्यांना हवा होता. मोठ्या राज्यात जो डाव अनेक महिने चालतो, तो पर्वरीत, म्हणजे गोवा विधानसभेच्या ठिकाणी, दोन दिवसांत उलगडतो आणि त्यातील प्रत्येक पात्राला वार्ताहर नावाने ओळखत असतो. अडचणही याच ओळखीत आहे. ज्या आमदाराविषयी बातमी द्यायची, तो शेजारी किंवा दूरचा नातलग निघतो. त्यामुळे मागील उत्तरात सांगितलेली बंधने तुम्हाला अधिक काटेकोरपणे पाळावी लागतील.

मडगावचे नाव निघाले म्हणून सांगते, राजदीप सरदेसाई यांचे वडील, कसोटीपटू दिलीप सरदेसाई, तुमच्याच गावचे. राजदीप यांनी १९८८ मध्ये मुंबईत वृत्तपत्रात नोकरी धरली आणि १९९४ मध्ये ते दूरचित्रवाणीकडे वळले. आधी काही वर्षे वृत्तपत्रात लिहिण्याचा हा क्रम मला आजही योग्य वाटतो, कारण तेथे बातमी दुसऱ्या दिवशी छापील स्वरूपात समोर असते आणि चूक लपत नाही. गोव्यात मराठी दैनिकांची परंपरा भक्कम आहे. तेथे दोन वर्षे खाणी, भूरूपांतर (जमिनीचा वापर बदलणे) आणि पंचायत राज हे विषय करा, सोबत कोकणीतून कॅमेऱ्यासमोर बोलण्याचा सराव ठेवा. भूरूपांतराची फाईल वाचता येणारा वार्ताहर गोव्यातील कोणत्याही वाहिनीला हवा असेल.

प्रश्न : अधिवेशनाचे वार्तांकन मी पहिल्यांदाच करणार आहे. सभागृहात एखादा सदस्य जे बोलला ते जसेच्या तसे दाखवले, तर वार्ताहर अडचणीत येऊ शकतो का? कामकाजातून वगळलेल्या शब्दांचे काय करावे? (नागपूर)

उत्तर : सभागृहाच्या कामकाजाचे साधारणतः खरे आणि द्वेषबुद्धी नसलेले वृत्त देणाऱ्याला संरक्षण आहे. फिरोज गांधी यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये संसदेच्या कामकाजापुरता असा कायदा झाला, आणीबाणीत तो रद्द केला गेला आणि १९७७ मध्ये पुन्हा आणला गेला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३६१-अ मुळे हे संरक्षण राज्यांच्या विधिमंडळांनाही लागू झाले आणि ते प्रसारणालाही आहे. सदस्याने सभागृहात केलेला आरोप तुम्ही त्याच्या नावासह आणि मंत्र्यांच्या उत्तरासह दिला, तर काळजी नाही. तोच आरोप तुम्ही आपला म्हणून पायऱ्यांवरून उच्चारला, तर हे संरक्षण तुमच्यासोबत बाहेर येत नाही.

वगळलेल्या शब्दांची बाब वेगळी आहे. अध्यक्षांनी वगळलेला मजकूर प्रसिद्ध करणे हा विशेषाधिकारभंग ठरू शकतो आणि पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ दैनिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच सभागृहाचा हा अधिकार मान्य केला आहे. आज अडचण अशी की कामकाज थेट दिसत असते, शब्द उच्चारल्यावर काही सेकंदांत तो घराघरांत पोहोचतो आणि वगळण्याचा निर्णय कधीकधी तासाभराने होतो. थेट गेले ते गेले. पण अध्यक्षांचा निर्णय कानावर पडताच डेस्कला फोन करून ती चित्रफीत पुनःप्रसारणातून, पॅकेजमधून (संकलित करून तयार केलेल्या वृत्तातून) आणि वाहिनीच्या समाजमाध्यमांवरील पानांवरून काढायला सांगणे, हे सभागृहातील वार्ताहराचे काम आहे, कारण स्टुडिओत बसलेल्यांना हा निर्णय बहुधा कळलेलाच नसतो. ‘अध्यक्षांनी काही शब्द वगळले’ एवढी बातमी देण्यास हरकत नाही. नेमका किती भाग वगळला, याविषयी शंका असेल तर विधानमंडळ सचिवालयातून त्या दिवसाचे असुधारित कामकाज मागवून घ्या आणि ते हाती येईपर्यंत त्या भाषणाचा तेवढा तुकडा वापरू नका.